रानांतील पाषाणसमाधि

चंद्रपूर व गडचिरोली या अरण्यमय जिल्ह्यांत प्राचीन मृतांचीं स्थानें शोधीत फिरणारा मनुष्य बहुधा प्रथम भद्रावतीच्या विजासन लेण्यांपाशीं येऊन पोंचतो. डोंगराच्या पोटांत सुमारें 70 फूट सरळ गेलेला तो अंधारा मार्ग पाहून हें कोणाचें तरी थडगें असावें, असें सहज वाटतें. परंतु अखेरीस भव्य बुद्धमूर्ति दिसते, आणि हें स्थान मृतांचें नसून उपासकांचें होतें, हें कळून येतें. केरळांत मृतांसाठीं जांभा दगड कोरून खोल्या केलेल्या आढळतात. विदर्भांतील रीत निराळी. येथें मृतांसाठीं दगड रचीत असत.

चिमूर तालुक्यांतील हिरापूर येथें उभ्या शिळांवर प्रचंड शिळेचें छप्पर घातलेलें आहे. चामोर्शी येथील दगडी थडग्यांची नोंद तर 19 व्या शतकांतच झाली. आपल्या कबरस्तानांत क्रूसाखालीं नांव व तारीख असते. येथें दोन्ही नाहींत.

मग हे लोक कोण? याचें उत्तर कांहीं अंशीं शेजारच्या नागपूर जिल्ह्यांत मिळतें. त्या बाजूच्या शिळावर्तुळांकडे स्कॉटलंडचे मिशनरी रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनीं लक्ष वेधलें. टाकळघाट येथील वर्तुळें पाहण्यास ते गेले असतां, परतीच्या वाटेवर 4 सप्टेंबर 1863 रोजीं पुरानें भरलेल्या नाल्यांत बुडून वारले. पुढें शतकानंतर डॉ. शां. भा. देव यांनीं टाकळघाट-खापा व माहुरझरी येथें उत्खननें केलीं. लोखंडाचीं हत्यारें, मणी आणि घोड्यांचे तांब्याचे अलंकार निघाले. काळ इसवी सनापूर्वीं पहिल्या सहस्रकाचा ठरला. घोड्यास सजवून धन्यासोबत पुरणारे हे लोक दरिद्री नव्हते खास.

भामरागडकडील माडिया लोकांत मृताच्या स्मरणार्थ शिळा उभारण्याची चाल आहे. एवढ्यावरून वंशसंबंध जोडणें आम्हांस उतावळेपणाचें वाटतें. परंतु मृतासाठीं दगड कां उभारावा, हें त्यांच्याकडूनच समजून घेणें बरें.

विदर्भांत अशा वर्तुळांतील दगड कोठें शेतासाठीं उपटले गेले, कोठें खडीसाठीं फोडले गेले. वर्तुळ मोडलें कीं थडग्याची मर्यादाच पुसली जाते, आणि पुढल्या पावसाळ्यांत त्यावरून नांगर फिरतो.