ट्रंकेतले शेअर

जुनं शेअर सर्टिफिकेट हातात आलं की मी आधी ते पालथं करते. पुढच्या बाजूला नक्षीची चौकट, कंपनीचा उठावाचा शिक्का, डायरेक्टरांच्या सह्या. बघणाऱ्याचा जीव तिथेच अडकतो. मागच्या कोष्टकात शेअर कोणत्या तारखेला कोणाच्या नावावर गेला ते लिहिलेलं असतं, शेजारी फोलिओ नंबर आणि अधिकाऱ्याची सही. शेवटची ओळ ज्याच्या नावाची तो मालक, अर्थात कंपनीच्या रजिस्टरमध्येही तसंच असेल तर. फोर्टातल्या एका कंपनीच्या शेअर विभागात माझी सगळी नोकरी गेली. आता निवृत्तीनंतर ओळखीपाळखीचे लोक माळ्यावरच्या ट्रंकेतली भेंडोळी घेऊन दादरला येतात आणि ‘किती येतील?’ विचारतात. उत्तर द्यायला मला मुंबईचा बराच इतिहास उकरावा लागतो.

शेअर घेण्याची चटक या शहराला कापसाच्या पैशाने लावली. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना आणि इथल्या गासड्यांचे भाव आकाशाला भिडले. हातात आलेल्या पैशातून बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. प्रेमचंद रायचंद हे त्या बाजारातलं सगळ्यात मोठं नाव. बॅक बे रेक्लमेशनचा ५,००० रुपये भरलेला शेअर ५०,०००च्या घरात गेला. १८६५ साली युद्ध संपलं. १ जुलैला वायद्यांचे हिशेब चुकते करायचे होते, ते कोणाच्याने होईनात. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांना विकला गेलेला शेअर ८७वर आला. त्या काळातला कागद कोणाकडे निघालाच तर तो जुन्या सर्टिफिकेटांचा संग्रह करणाऱ्याला दाखवावा, रजिस्ट्रारकडे नेऊन उपयोग नाही. पण त्याच धामधुमीत, १८६३ साली, सागवानाच्या व्यापारासाठी निघालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन आजही शेअर बाजारात आहे. म्हणून कागद कितीही पिवळा असला तरी चौकशी केल्याशिवाय मी कोणाला रद्दीचा रस्ता दाखवत नाही.

मध्यमवर्गीय घरांत शेअर शिरला तो स्वदेशीच्या हवेत. १९०७ साली टाटा आयर्न अँड स्टीलसाठी लंडनमध्ये भांडवल मिळेना, तेव्हा कंपनीने मुंबईत हाक दिली. तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार भारतीयांनी १६ लाख ३० हजार पौंड उभे केले. साधा शेअर ७५ रुपयांचा, प्रेफरन्स १५०चा आणि डिफर्ड ३०चा. या ‘टाटा डिफर्ड’वर पुढे दलाल स्ट्रीटवर किती उलाढाल झाली, ते जुन्या ब्रोकरांच्या तोंडून ऐकण्यासारखं होतं. ती कंपनी २००५पासून टाटा स्टील आहे, आणि २०२२ साली तिच्या १० रुपयांच्या एका शेअरचे १ रुपयाचे दहा झाले. असा शेअर कोणाच्या आजोबांनी धरून ठेवला असेल तर मधले बोनस, राइट्स आणि विभागण्या एकापुढे एक मांडत बसावं लागतं. मला या कामात गोडी आहे.

नाव ओळखीचं म्हणजे पैसे नक्की, असं मात्र नाही. इंपीरियल बँकेचं सर्टिफिकेट घेऊन ‘हे आताचे स्टेट बँकेचे शेअर ना?’ असं विचारणारे भेटतात. नव्हेत. १ जुलै १९५५ला स्टेट बँक झाली, तेव्हा ५०० रुपयांच्या पूर्ण भरलेल्या शेअरमागे १,७६५ रुपये १० आणे भरपाई ठरली. तो हिशेब तिथे मिटला. गिरण्यांचं त्याहून वाईट. १९७४च्या कायद्याने आजारी गिरण्या सरकारकडे गेल्या, १९८२च्या संपानंतर १९८३ साली मुंबईतल्या आणखी १३ गिरण्यांचं व्यवस्थापन सरकारने घेतलं. सरकारने घेतली ती गिरणी, कंपनी मागेच राहिली. भरपाईवर आधी कामगारांचा आणि घेणेकऱ्यांचा हक्क, भागधारकाची पाळी सगळ्यांच्या शेवटी. ती बहुधा आलीच नाही. गिरणगावात नोकरी करून त्याच गिरणीचे चार शेअर घेतलेल्या माणसाचं त्यात दोन्हीकडून गेलं.

उलट ‘ही कंपनी तर कधीच बंद पडली’ असं म्हणत लोक ज्याला हात लावत नाहीत, त्यात कधी कधी घसघशीत रक्कम असते. हमाम आणि ५०१ साबणवाली टाटा ऑइल मिल्स, म्हणजे टॉमको, नव्वदच्या दशकात हिंदुस्तान लिव्हरमध्ये विलीन झाली. टॉमकोच्या १५ शेअरना लिव्हरचे २ मिळाले. पुढे लिव्हरच्या १० रुपयांच्या शेअरचे १ रुपयाचे दहा झाले. म्हणजे टॉमकोचे १५० शेअर असतील तर आज हिंदुस्तान युनिलिव्हरचे २०० होतात. एका शेअरचा भाव दोन हजारांच्या वर धरला तरी रक्कम चार लाखांपलीकडे जाते, मधल्या वर्षांचा डिव्हिडंड वेगळाच. लॅक्मेचंही तसंच. सौंदर्यप्रसाधनांचा धंदा विकला गेला, कंपनी ट्रेंट झाली आणि वेस्टसाइडची दुकानं चालवू लागली.

इथपर्यंतचं काम कोणीही चिकाटीने करू शकेल. खरी गाठ नावांशी पडते.

१९९२पर्यंत शेअर किती प्रीमियमने विकायचा ते दिल्लीतले भांडवल नियंत्रक ठरवत. त्यामुळे चांगल्या कंपनीचा शेअर स्वस्तात मिळे, आणि अर्ज इतके येत की नंबर लागणं नशिबावर. त्यातच १९७३च्या परकीय चलन कायद्यानंतर परदेशी कंपन्यांना भारतीयांना भाग विकावे लागले, कोलगेटचे १९७८ साली आले. लोकांनी मग घरातल्या प्रत्येकाच्या नावाने अर्ज भरले. बायको, आई, पाळण्यातलं पोर, आणि लग्नाची मुलगी. नंबर लागला तो बरेचदा मुलीचा. दोन वर्षांत तिचं लग्न झालं, आणि आमच्याकडे नुसतं आडनाव बदलून भागत नाही. वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव येतं, आणि तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेलं नवं नाव पहिलंही पुसून टाकतं. माहेरची कुमुद सासरी अनुराधा होते. कंपनीच्या रजिस्टरात कुमुदच बसून राहिली, पत्ता चाळीतला, सही शाळकरी मराठीत. डिव्हिडंडची वॉरंटं त्या चाळीत गेली आणि परत आली. पुढे चाळ पाडून टॉवर झाला.

एप्रिल २०१९पासून कागदी शेअर विकून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत, आधी डीमॅट करावे लागतात. आणि सलग सात वर्षं डिव्हिडंड घेतला नसेल तर शेअरच सरकारी निधीत जमा होतात. ते परत मिळतात, मुदतीची अटही नाही, फक्त कुमुद आणि अनुराधा एकच बाई आहे हे सिद्ध करावं लागतं. विवाहनोंदणीचा दाखला त्या पिढीतल्या कितीजणींकडे असतो? लग्नपत्रिकेवर माहेरचं नाव सापडतं, सासरचं नसतं. मग प्रतिज्ञापत्र, गॅझेट, बँकेकडून सहीचा दाखला. तरीही ‘सही जुळत नाही’ म्हणून पाकीट परत येतं. चाळीस वर्षांत सही जुळत राहिली असती तरच मला नवल वाटलं असतं.

ही भेंडोळी घेऊन येतात ते बहुधा भाऊ. वडील गेले, ट्रंक वाटणीत आली, शेअर वडिलांनी घेतले, पैसे वडिलांचे, सगळं खरं. पण फोलिओवर पहिलं नाव बहिणीचं आणि दुसरं वडिलांचं असलं, तर वडिलांच्या मागे कंपनी एकट्या बहिणीला ओळखते. हे सांगितलं की पुढचे प्रश्न अचानक थांबतात आणि सर्टिफिकेट परत पिशवीत जाऊ लागतं. फोलिओ नंबर मी तोवर टिपून घेतलेला असतो. ताई हल्ली कुठे राहतात, तेवढं विचारून घेते.