विंचू उतरवणारा डॉक्टर

आपल्या कोपर स्टेशनला दोन मजले आहेत. खाली नेहमीची लोकल, वर वसई-दिवा लाईन. मे महिन्याची सुट्टी लागली की आम्ही इथून एक स्टेशन अलीकडे, दिव्याला जायचो आणि सावंतवाडीची पॅसेंजर पकडायचो. वीरला उतरून महाडकडे, आजोळी. पोचल्या पोचल्या आजीचा पहिला हुकूम: "चप्पल झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही हां!"

तेव्हा हसायला यायचं. पण आजीच्या तरुणपणी तिकडे लाल विंचू चावला की माणूस दगावायचा. दिसायला लहानसा, मोठ्या काळ्या विंचवाला आपण जास्त घाबरतो, पण जीव घेणारा हा.

१९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक तरुण डॉक्टर रुजू झाले, हिंमतराव बावस्कर. मूळचे जालना जिल्ह्यातले, एमबीबीएस नागपूरचं. विंचू चावलेली धडधाकट पोरं त्यांच्यासमोर तोंडातून गुलाबी फेस येऊन जात होती. उपचार काय, तर ॲलर्जीची औषधं, स्टिरॉइड. उपयोग शून्य.

मग त्यांनी केलं काय? पेशंटच्या खाटेशी बसून राहिले. नाडी, बीपी, घाम, उलट्या, हातपाय गार पडलेत का, सगळं तासातासाला वहीत. रात्ररात्र. संशोधन म्हटलं की आपल्याला काचेची लॅब आठवते. इथे ती वही हीच लॅब होती.

वहीतून एक विचित्र गोष्ट दिसली. जो वेदनेने ठणाणा ओरडतो, पण ज्याला घाम-उलट्या नाहीत, तो बहुतेक वाचतो. ज्याला घाम फुटतो, उलट्या होतात आणि हातपाय थंड पडतात, त्याच्यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायचं. ही धोक्याची लक्षणं १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. (मला तर यात विंचू उतरवणाऱ्या मांत्रिकांचं गुपितही दिसतं. ओरडणारे पेशंट तसेही बरे होणार होते, श्रेय मंत्राला!)

आतमध्ये काय होतं, तेही ऐका. विषामुळे शरीरात ॲड्रेनलिनसारख्या रसायनांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात, बीपी चढतं. आवळलेल्या नळ्यांमध्ये रक्त ढकलून ढकलून हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. म्हणजे नळ्या सैल करायला हव्यात. त्यासाठी प्राझोसिन नावाची ब्लडप्रेशरची गोळी बाजारात आधीच होती, स्वस्त आणि तोंडाने घ्यायची. खेड्यातल्या दवाखान्यात चालेल अशी. हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी ती वापरून पाहिली. १९८६ मध्ये तेही 'लॅन्सेट'मध्ये आलं. फुप्फुसात पाणी भरलेल्यांपैकी पूर्वी साधारण ३० टक्के दगावायचे. प्राझोसिननंतर मृत्यूचं प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आलं.

इथे थांबले असते तरी नाव झालंच होतं. पण मला सगळ्यात आवडतो तो पुढचा भाग. विंचवाच्या विषावरचा उतारा, म्हणजे अँटिव्हेनम, मिळू लागल्यावर या दांपत्याने आपल्याच गोळीची परीक्षा घेतली. महाडमध्ये ७० पेशंट, चिठ्ठी टाकावी तसे दोन गटांत वाटलेले: एका गटाला नुसतं प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि अँटिव्हेनम. दहा तासांत पूर्ण बरे झाले पहिल्या गटात सुमारे २३ टक्के, दुसऱ्यात ९१ टक्के. आपली गोळी एकटी कमी पडते, हे त्यांनी स्वतःच २०११ मध्ये 'बीएमजे'मध्ये छापलं. २०२२ मध्ये डॉ. हिंमतरावांना पद्मश्री मिळाली.

आजीला फोनवर हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बावस्कर डॉक्टर होय? माहीत आहेत की." आणि लगेच, "तू चप्पल झटकतोस ना अजून?"

कोपरला चौथ्या मजल्यावर राहतो मी. तरी झटकतो.