रिकाम्या जागेची मोजदाद

२०११ साली थॉमसन रॉयटर्सनं आधीच्या दशकातल्या शंभर रसायनशास्त्रज्ञांची क्रमवारी काढली. निकष होता दर शोधनिबंधामागे मिळालेली सायटेशन्स, म्हणजे इतर संशोधकांनी आपल्या निबंधात त्या कामाचा किती वेळा हवाला दिला. दुसऱ्या क्रमांकावर होते ओमर यागी. हे गृहस्थ पोकळ्या बांधतात. अक्षरशः.

जन्म १९६५चा, जॉर्डनमधल्या अम्मानचा. पॅलेस्टिनी निर्वासित कुटुंब. घरात ना वीज, ना नळ. दहाव्या वर्षी, एरवी कुलूपबंद असलेल्या शाळेच्या ग्रंथालयात तो शिरला आणि एका पुस्तकातली रेणूंची चित्रं पाहून तिथेच खिळला. पंधराव्या वर्षी वडिलांनी त्याला अमेरिकेला धाडलं. पुढे इलिनॉयमध्ये पीएचडी आणि १९९२मध्ये ॲरिझोनात स्वतःची प्रयोगशाळा.

पण गोष्टीची सुरुवात यागींपासून होत नाही. १९७४मध्ये मेलबर्न विद्यापीठात रिचर्ड रॉबसन विद्यार्थ्यांसाठी लाकडी मॉडेल्स करवून घेत होते. गोळे म्हणजे अणू, काड्या म्हणजे बंध. कुठल्या गोळ्याला कुठे भोकं पाडायची, हे त्यांनी वर्कशॉपला आखून दिलं. मग जोडताना लक्षात आलं, की भोकांच्या जागा ठरल्या की सांगाड्याचा आकार आपसूक ठरतो. खरे रेणूही असे जोडता येतील का? हे करून बघायला त्यांना दहाहून जास्त वर्षं लागली (हल्लीच्या प्राध्यापकाला एवढी सवड कोण देईल?). १९८९मध्ये त्यांनी तांब्याचे आयन आणि चार हातांचा एक रेणू यांतून हिऱ्यासारखी रचना उभी केली. फरक इतकाच, की आत मोठमोठ्या पोकळ्या होत्या. पण ती नाजूक होती आणि सहज ढासळायची.

जपानमध्ये सुसुमु कितागावा यांनी १९९७मध्ये अशाच पोकळ्यांत मिथेन, नायट्रोजन, ऑक्सिजन शिरतात आणि रचना शाबूत राहते, हे दाखवलं. तरी त्यांचे अनुदानाचे अर्ज नाकारले जात राहिले. आक्षेप अगदीच गैर नव्हता : झिओलाइट हे काम करतातच, मग हा नवा खटाटोप कशाला?

यागींनी १९९५मध्ये आपल्या पदार्थाला 'मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क' हे नाव दिलं. थोडक्यात, मॉफ. १९९९मध्ये आला मॉफ-५. साहित्य साधंच : जस्ताचा क्षार आणि टेरेफ्थॅलिक आम्ल, ज्यापासून पाण्याच्या बाटलीचं पेट प्लास्टिक बनतं तेच. युक्ती कोपऱ्यांत होती. तिथे जस्ताचा एकटा अणू न बसवता चार अणूंचा घट्ट गठ्ठा बसवला होता. त्यामुळे आतलं सगळं काढून टाकलं, ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवलं, तरी सांगाडा उभा राहिला. दोनेक ग्रॅम पुडीत फुटबॉलच्या मैदानाएवढं पृष्ठफळ!

सायटेशन्सच्या पावसाचं कारण मला इथेच दिसतं. कोपरा तोच ठेवा, मधला दांडा बदला, की नवा मॉफ तयार. यागींच्या गटानं स्वतःच मॉफ-५चे १६ प्रकार करून दाखवले. मग जगभरातल्या प्रयोगशाळा कामाला लागल्या. नवा दांडा, नवा निबंध आणि शेवटी यागींचा हवाला. २००८मध्ये 'सायन्स'मधल्या त्यांच्या गटाच्या निबंधाचे पहिले लेखक राहुल बॅनर्जी होते. पुढे ते पुण्याच्या एनसीएलमध्ये आले आणि सच्छिद्र पदार्थांवरच काम करत राहिले. यागींच्या सायटेशन्सचा आकडा आज दोन लाखांच्या पार आहे.

हा आकडा फुगवलेला नाही. पण तो मोजतो ते वेगळंच : या कामावर किती जणांना पुढचा मजला चढवता आला. पाया कुणी आखला, हे त्यात फारसं उमटत नाही. उणिवाही उमटत नाहीत. मॉफ-५ दमट हवेत मोडतो, तरी त्याचे हवाले कमी झाले नाहीत. हवेतून पाणी काढण्यासाठी झिर्कोनियमचा वेगळा मॉफ लागला. रात्री हवेतली वाफ शोषायची आणि सकाळी उन्हानं पाणी सोडायचं, असा प्रयोग यागींच्या गटानं ॲरिझोनाच्या वाळवंटात करून दाखवला.

८ ऑक्टोबर २०२५ला रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. कितागावा, रॉबसन आणि यागी, तिघांना सारखा वाटा. रॉबसन तेव्हा ८८ वर्षांचे होते.