‘३३१०’चे दोन अवतार आणि देवनागरीची जागा

मोबाईल फोनची तुलना म्हटली की बॅटरी किती दिवस टिकते, पडदा केवढा आहे आणि किंमत किती, एवढेच प्रश्न विचारले जातात. ग्राहक म्हणून ते रास्तच आहेत. भाषिक अल्पसंख्य समाजाने मात्र त्यांना आणखी एका प्रश्नाची जोड द्यायला हवी: या यंत्रात माझ्या भाषेला किती जागा आहे? ही जागा मोजता येते आणि ती आकड्यांत सांगता येते. ती कशी वाढली, कोठे वाढली नाही आणि जी वाढली ती कोणामुळे, हे पाहण्यासाठी एकाच नावाच्या दोन साध्या फोनांइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही. नोकिया ३३१० हा फोन प्रथम सप्टेंबर २००० मध्ये जाहीर झाला. त्याच नावाने दुसरा फोन फेब्रुवारी २०१७ मध्ये बार्सिलोना येथे सादर झाला आणि मे २०१७ मध्ये भारतात ३,३१० रुपये या लक्षवेधी किमतीला विक्रीस आला.

पहिला ३३१० वजनाने १३३ ग्रॅम होता. त्याचा एकरंगी पडदा आडवा ८४ आणि उभा ४८ ठिपक्यांचा, म्हणजे एकूण ४,०३२ ठिपक्यांचा होता. बॅटरी ९०० एमएएच क्षमतेची. कॅमेरा नव्हता, रेडिओही नव्हता. जगभर त्याचे सुमारे १२.६ कोटी नग विकले गेले. दुसरा ३३१० एचएमडी ग्लोबल या कंपनीने नोकियाच्या नावाने काढला. त्याचे वजन ८० ग्रॅमच्या आत, पडदा रंगीत आणि २४० गुणिले ३२० ठिपक्यांचा, बॅटरी १,२०० एमएएच, कॅमेरा दोन मेगापिक्सेलचा. पडद्यावरील ठिपके ४,०३२ वरून ७६,८०० झाले, म्हणजे एकोणीस पट.

देवनागरीच्या दृष्टीने ही वाढ महत्त्वाची आहे. रोमन अक्षर आठ-नऊ ठिपक्यांच्या उंचीत बसते. देवनागरीला शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार यांसाठी जागा लागते, तर खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय येतात. ४८ ठिपक्यांच्या उंचीत हा सगळा संसार मांडायचा, तर दोन-तीन ओळींतच पडदा संपतो. २०१७ च्या पडद्यावर मात्र ही अडचण राहिली नाही. परंतु पडदा हा प्रश्नाचा एक भाग झाला. खरा अडसर निरोपाच्या आकारात होता, आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

एसएमएस हा १४० बाइटांचा लिफाफा आहे. त्यात सात बिटांची अक्षरे भरली तर १६० मावतात. त्यासाठी जीएसएम यंत्रणेने १२८ चिन्हांचा एक मूळ संच ठरवला. त्या संचात इंग्रजी वर्णमाला आहे, पश्चिम युरोपातील भाषांची टोपी-टिंबांची अक्षरे आहेत, आणि डेल्टा, सिग्मा, ओमेगा यांसारखी ग्रीक मोठी अक्षरेही आहेत. देवनागरीचे मात्र एकही अक्षर नाही. देवनागरी लिहायची तर प्रत्येक चिन्हाला सोळा बिटे द्यावी लागतात आणि १६० ची मर्यादा ७० वर येते. शिवाय इथे ‘चिन्ह’ म्हणजे आपण मोजतो ते अक्षर नव्हे. मात्रा वेगळी मोजली जाते, अनुस्वार वेगळा आणि हलन्तही वेगळा. ‘महाराष्ट्र’ हा शब्द आपल्या लेखी चार अक्षरांचा, परंतु यंत्राच्या लेखी दहा चिन्हांचा.

उदाहरणादाखल सभेचा एक साधा निरोप घेऊ: ‘रविवारी सकाळी दहा वाजता मराठी शाळेत सभा. सर्वांनी वेळेवर यावे.’ विरामचिन्हे आणि मोकळ्या जागा धरून ही ६२ चिन्हे होतात. खाली ‘महाराष्ट्र एकीकरण समिती’ असे नाव घातले की बेरीज ८६ होते आणि निरोप दोन एसएमएसांत विभागला जातो. हाच मजकूर रोमन लिपीत लिहिला तर १६० च्या मर्यादेत सहज बसतो आणि एकाच एसएमएसचे पैसे पडतात. ज्या काळात प्रत्येक एसएमएसला वेगळा दर लागत असे, त्या काळात आपल्या लिपीत लिहिण्यावर हा जणू दुप्पट कर होता. तो कोणत्याही विधिमंडळाने बसवला नव्हता, म्हणून त्याविरुद्ध मोर्चा निघाला नाही. लोकांनी मुकाट्याने रोमन लिपी स्वीकारली, आणि एका पिढीची मराठी तशीच लिहिली जाऊ लागली.

रोमन लिपीतील मराठीने काय बिघडते, असा प्रश्न काही सुशिक्षित मित्र विचारतात. सीमाभागातील उदाहरणानेच उत्तर देतो. १ नोव्हेंबर हा दिवस आपण ‘काळा दिन’ म्हणून पाळतो. के-ए-एल-ए या चार अक्षरांत तो ‘काळा’ आहे, ‘काला’ आहे की ‘कला’, हे वाचणाऱ्याने ठरवायचे. समुद्र या अर्थाचा ‘दर्या’ आणि दरीचे अनेकवचन असलेल्या ‘दऱ्या’, हे दोन्ही शब्द रोमनमध्ये एकच होतात. ळ आणि ऱ ही मराठीची ओळख सांगणारी अक्षरे या लेखनात सर्वांत आधी बळी पडतात.

वकिलाच्या नजरेतून पाहिले तर हा प्रश्न केवळ सौंदर्याचा राहत नाही. पहिला ३३१० बाजारात आला त्याच हंगामात, १७ ऑक्टोबर २००० रोजी, माहिती तंत्रज्ञान कायदा अंमलात आला. त्याच्या कलम ४ ने इलेक्ट्रॉनिक नोंदीला लेखी मजकुराचा दर्जा दिला, आणि त्याच कायद्याने भारतीय पुरावा अधिनियमात ६५ ब हे कलम घातले. त्याची जागा आता भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ ने घेतली आहे. म्हणजे खिशातील निरोप न्यायालयात पुरावा होऊ लागला तो नेमका त्या काळात, जेव्हा आपली लिपी त्या निरोपात धड मावत नव्हती. जमिनीच्या व्यवहारासंबंधीच्या निरोपात के-यू-एल ही तीन अक्षरे आली, तर ती ‘कूळ’ आहेत की ‘कुल’? पहिल्या शब्दामागे कूळ कायद्याने दिलेले हक्क उभे आहेत. दुसऱ्याचा अर्थ फक्त ‘एकूण’. संदर्भाने अर्थ लागतो हे खरे. परंतु वाद उभा राहतो तो संदर्भावरच, आणि संदिग्ध लिपी वादाला आयते खाद्य पुरवते.

दुसऱ्या ३३१० पर्यंत काय बदलले? एक तर अक्षरांची जागतिक संकेतप्रणाली परिपक्व झाली. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. मराठीच्या स्वतंत्र गरजा मात्र हळूहळू भागल्या. ‘ॲ’ हे अक्षर स्वतंत्र चिन्ह म्हणून युनिकोडमध्ये आले ते २००८ साली. प्रत्येक मराठी वकिलाच्या नावाआधी लागणाऱ्या ‘ॲड.’ या बिरुदाचे पहिलेच अक्षर तोपर्यंत अ आणि चंद्र जोडून साधावे लागत होते. हिंदीला या अक्षराची गरज भासत नाही, मराठीला भासते. लिपी सामायिक असली तरी भाषेच्या गरजा सामायिक नसतात, हे यावरून स्पष्ट व्हावे.

दुसरा बदल कायद्याचा. भारतीय मानक ब्यूरोने मोबाईल हँडसेटमधील भारतीय भाषांसाठी आयएस १६३३३ (भाग ३) : २०१६ हे मानक तयार केले आणि केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१६ मध्ये ते बंधनकारक करणारा आदेश काढला. अंमलबजावणीसाठी आधी १ जुलै २०१७ ही तारीख ठरली, नंतर मुदतवाढही देण्यात आली. या मानकाची दोन अंगे आहेत. आठव्या अनुसूचीतील सर्व २२ भाषांतील मजकूर प्रत्येक फोनवर वाचता आला पाहिजे, हे पहिले. मजकूर लिहिण्याची सोय इंग्रजी, हिंदी आणि किमान आणखी एका भारतीय भाषेत असली पाहिजे, हे दुसरे.

यातील भेद बारकाईने पाहावा. वाचण्याची हमी २२ भाषांना आहे. लिहिण्याची हमी इंग्रजी आणि हिंदी सोडून फक्त ‘किमान एका’ भाषेला. ती कोणती, हे उत्पादक ठरवणार. उद्या एखाद्या उत्पादकाने कर्नाटकात कन्नड, तेलंगणात तेलुगू आणि गुजरातेत गुजराती देऊन नियम पाळला, तर बेळगाव, हैदराबाद आणि वडोदरा येथील मराठी माणसाला तक्रारीस जागा उरत नाही. त्याने हिंदीच्या कळफलकावर मराठी लिहावी, असेच त्याला सांगितले जाईल. इंदूर आणि ग्वाल्हेर येथे तर तो प्रश्न आहे हेही कोणाच्या लक्षात येणार नाही. तेथे हिंदीचे शब्दसुचवणारे यंत्र मराठी शब्द ‘दुरुस्त’ करत राहील. कोणी म्हणेल की बहुतेक उत्पादक आज मराठी देतातच. देतात, आणि त्याचे स्वागतच आहे. परंतु देणाऱ्याच्या इच्छेवर जे अवलंबून असते त्याला सवलत म्हणतात. हक्क म्हणत नाहीत.

आणि निरोपाचा लिफाफा? तो २०१७ च्या फोनमध्येही १४० बाइटांचाच आहे. देवनागरीसाठी आजही सत्तरचाच हिशोब चालतो. हा अन्याय कमी करण्यासाठी मोबाईल यंत्रणेच्या आंतरराष्ट्रीय मानकात पुढे भाषावार कोष्टके घालण्यात आली. त्यांत बंगाली, गुजराती, हिंदी, कन्नड, मल्याळम, ओडिया, पंजाबी, तमिळ, तेलुगू आणि उर्दू या दहा भारतीय भाषांची नावे आहेत. मराठीचे नाव नाही. हिंदीच्या कोष्टकातून मराठीचे काम भागेल, असा तांत्रिक युक्तिवाद करता येईल. १९५६ पासून सीमाभागाने ‘भागेल’ हा शब्द पुष्कळदा ऐकला आहे.

संविधानाच्या अनुच्छेद २९(१) मध्ये भाषा, लिपी आणि संस्कृती असे तीन स्वतंत्र शब्द आहेत. लिपी जतन करण्याचा हक्क घटनाकारांनी भाषेच्या पोटात गृहीत धरला नाही. त्याचा वेगळा उल्लेख केला. त्यांच्यासमोर पाट्या, पाठ्यपुस्तके आणि दस्तऐवज असतील. आज बहुसंख्य लोकांचे दैनंदिन लेखन फोनवर होते. तेव्हा लिपीचे जतन फोनमध्येही झाले पाहिजे, हा त्या अनुच्छेदाचा सरळ अर्थ आहे.

यातून आपल्यासाठी तीन मागण्या निघतात. मानकातील ‘किमान एक’ हे शब्द जाऊन लिहिण्याची हमीही आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांना मिळावी. ज्या जिल्ह्यांत मराठी भाषिकांची वस्ती मोठी आहे, तेथे शासन, बँका आणि वीज कंपन्या यांनी पाठवायचे निरोप ग्राहकाने निवडलेल्या भाषेत असावेत. ही निवड नोंदवण्याची सोय अर्जातच असावी. आंतरराष्ट्रीय कोष्टकांत मराठीचे नाव स्वतंत्रपणे यावे, यासाठी भारत सरकारने मागणी करावी. या मागण्यांचे निवेदन मराठीतच द्यावे. संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क अनुच्छेद ३५० ने प्रत्येकाला दिला आहे, आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी अनुच्छेद ३५० ब नुसार विशेष अधिकारीही आहे.

चौथी गोष्ट कोणाकडे मागायची नाही. २००० साली रोमन लिपीत लिहिण्याला पडदा, दर आणि कीपॅड अशी तीन कारणे होती. आज हातात असलेल्या फोनमध्ये त्यांपैकी एकही उरलेले नाही. सभेचा पुढचा निरोप देवनागरीत पाठवावा, आणि ‘काळा’ लिहिताना ळ वापरावा.