भरत बिस्वाल : विश्रांत मेंदूचा शोध आणि उद्धरणांचा आलेख

भरत बिस्वाल हे न्यू जर्सी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत जैववैद्यकीय अभियांत्रिकीचे प्राध्यापक. मिलवॉकीच्या मेडिकल कॉलेज ऑफ विस्कॉन्सिनमध्ये असताना १९९५ साली त्यांनी तीन सहलेखकांसह ‘मॅग्नेटिक रेझोनन्स इन मेडिसिन’मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. माणूस स्वस्थ पडून असतानाही मेंदूच्या डाव्या-उजव्या बाजूंच्या, हालचालींचे नियमन करणाऱ्या भागांतील मंद संकेत एकाच लयीत चढउतार करतात, असे त्यात दाखवले होते. हा श्वास व हृदयस्पंदनांचा गोंगाट असावा, अशी शंका घेतली गेली. प्रारंभी उद्धरणे तुरळकच राहिली. पुढे इतरांनाही तेच आढळले आणि आज ती हजारोंत मोजली जातात. २०१० मध्ये बिस्वाल व सहकाऱ्यांनी ३५ केंद्रांतील १,४१४ व्यक्तींची चित्रणे अभ्यासकांना खुली केली. पहिल्या काही वर्षांची उद्धरणसंख्या शोधाचे मोल सांगतेच असे नाही, हे या आलेखातून दिसते.