जुन्या फाईलमधली मराठी वाचता येत नाही? आधी 'सेव्ह' दाबू नका

मंडळाची सभासद यादी, वाचनालयाची ग्रंथसूची, स्मरणिकेतले लेख, वाटणीपत्राचा मसुदा. असं बरंच काही गावोगावच्या जुन्या कॉम्प्युटरवर मराठीत टाईप करून ठेवलेलं आहे. नवा कॉम्प्युटर येतो, पेन ड्राईव्ह लावून फाईल उघडली जाते आणि पडद्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरं, चौकोन नाहीतर प्रश्नचिन्हं दिसतात. 'फाईल बिघडली' म्हणून कुणी ती डिलीट करतं, तर कुणी तशीच सेव्ह करून बंद करतं. खरं तर बहुतेक वेळा मजकूर शाबूत असतो. घात होतो तो घाईनं केलेल्या सेव्हमुळे.

म्हणून पहिलं काम एकच. मूळ फाईलची कॉपी दुसऱ्या जागी ठेवा आणि पुढचे सगळे प्रयोग कॉपीवर करा.

असं का होतं?

कॉम्प्युटर अक्षर साठवत नाही, अक्षराचा क्रमांक साठवतो. युनिकोड या जागतिक पद्धतीची पहिली आवृत्ती १९९१ साली आली. तिच्यात देवनागरीला स्वतःचे वेगळे क्रमांक मिळाले. पण ती रोजच्या वापरात रुळायला बरीच वर्षं गेली. तोपर्यंत श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम, कृतिदेव यांवर काम चाललं. या जुन्या फॉन्टनी रोमन अक्षरांचेच क्रमांक वापरले आणि त्यांवर देवनागरी आकार चढवले.

उदाहरणार्थ, कृतिदेवमध्ये टाईप केलेला 'मराठी' हा शब्द फाईलमध्ये ई, जे, के, मोठा बी आणि एच अशा पाच इंग्रजी अक्षरांनी साठवलेला असतो. फॉन्ट असेल तर 'मराठी' दिसतं, नसेल तर ती पाच अक्षरं. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. त्यामुळे बेळगावच्या डीटीपी सेंटरमध्ये श्रीलिपीत केलेली पत्रिका इंदूरच्या पाहुण्यांकडे कृतिदेव असूनही वाचता येत नाही.

एका मिनिटाची परीक्षा

फाईलमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. देवनागरी दिसली तर मजकूर युनिकोडमध्ये आहे. रोमन गिचमिड दिसली तर तो जुन्या फॉन्टमधला आहे. पुढचा उपाय यावरच ठरतो.

१. रोमन गिचमिड

वर्डमध्ये त्या मजकुरावर कर्सर ठेवा आणि वरच्या चौकटीत फॉन्टचं नाव बघा. फॉन्ट कॉम्प्युटरवर नसला तरी नाव दिसतं. ते क्रमांकासकट लिहून घ्या. तो फॉन्ट मिळवून बसवला की फाईल वाचता येते. पण कायमचा उपाय म्हणजे त्याच फॉन्टसाठी बनवलेल्या कन्व्हर्टरनं मजकूर युनिकोडमध्ये आणणं. नाव न बघता भलताच कन्व्हर्टर लावला तर हाती भलतीच अक्षरं येतात.

रूपांतरानंतर या जागा तपासाच:

- पहिली वेलांटी: जुन्या फॉन्टमध्ये ती अक्षराच्या आधी टाईप होते, युनिकोडमध्ये अक्षरानंतर साठवली जाते. ही अदलाबदल चुकली की ठिपक्यांच्या गोलावर लटकलेली वेलांटी दिसते.
- रफार आणि जोडाक्षरं, विशेषतः 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला ऱ्य.
- मधेच आलेला इंग्रजी मजकूर: ई-मेल पत्ता किंवा इंग्रजी नाव कन्व्हर्टर मराठी समजून बदलतो. कृतिदेवमध्ये इंग्रजी पूर्णविरामाच्या कळीवर अर्धा ण असतो, त्यामुळे पत्त्यातल्या टिंबाचाही ण होतो.
- रकमा, तारखा, सर्व्हे नंबर: हे मूळ छापील कागदाशी ताडूनच बघा.

जमिनीचे कागद किंवा आधारचा तपशील ऑनलाईन कन्व्हर्टरमध्ये टाकू नका. त्यासाठी आपल्याच कॉम्प्युटरवर चालणारं साधन वापरा.

२. रिकामे चौकोन

यात काळजीचं कारण नाही. अक्षरांचे क्रमांक बरोबर आहेत, निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही एवढंच. मजकूर सिलेक्ट करून निर्मला यूआय, मंगल, मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी फॉन्ट द्या.

३. 'ए'वर तिरकी रेघ असलेली लांबलचक माळ

हे सहसा एक्सेलमध्ये सीएसव्ही यादी उघडताना होतं. मजकूर यूटीएफ-८ मध्ये आहे आणि एक्सेल तो दुसऱ्याच पद्धतीनं वाचतंय. फाईल सेव्ह न करता बंद करा. नवी कोरी शीट उघडा, 'डेटा' टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' निवडा आणि 'फाईल ओरिजिन'मध्ये ६५००१ क्रमांकाचा यूटीएफ-८ पर्याय घ्या. नावं जशीच्या तशी परत येतात.

४. नुसती प्रश्नचिन्हं

सगळ्यात वाईट प्रकार हा. पडद्यावर प्रश्नचिन्हं दिसत असली तरी मूळ मजकूर कधी कधी शिल्लक असतो, म्हणून आधी मूळ कॉपी तपासा. पण मराठी यादी एक्सेलमधून साध्या सीएसव्हीत किंवा नोटपॅडमधून 'एएनएसआय' प्रकारात सेव्ह झाली असेल, तर प्रत्येक अक्षराच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्ह लिहिलं गेलेलं असतं. ते कुठल्याही कन्व्हर्टरनं परत येत नाही. ई-मेल, पेन ड्राईव्ह, छपाईवाल्याकडची प्रत, जिथे जुनी कॉपी असेल तिथे शोधा. पुढच्या वेळी 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच प्रकार निवडा.

५. पीडीएफ छान दिसते, पण सर्च होत नाही

पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार साठवलेले असतात. त्यामागे युनिकोड क्रमांक असतीलच असं नाही. कॉपी केल्यावर गिचमिड आली तर ती पीडीएफ गुगल ड्राईव्हवर चढवून गुगल डॉक्समध्ये उघडा. चित्रावरून अक्षर ओळखायची सोय तिथे आहे. मात्र शब्द न् शब्द तपासावा लागतो.

६. नाव यादीत आहे, तरी सापडत नाही

'ॲ' हे एकच अक्षर दोन तऱ्हेनं साठवलं जातं. जुनी तऱ्हा म्हणजे अ अधिक चंद्र. २००८ साली युनिकोडमध्ये त्याला स्वतःचा क्रमांक मिळाला. दिसायला दोन्ही सारखी, पण 'ॲड.' असं शोधलं तर दुसऱ्या तऱ्हेची नावं सुटू शकतात. मोठ्या यादीत 'फाइंड अँड रिप्लेस' वापरून एकच तऱ्हा ठेवा.

यापुढे काय करायचं?

नवं टायपिंग युनिकोडमध्येच करा. विंडोज १० आणि ११ मध्ये सेटिंग्जमधून मराठी भाषा जोडली की कीबोर्ड मिळतो. रोमनमधून मराठी लिहायची सवय असेल तर फोनेटिक पर्यायही आहे. इन्स्क्रिप्ट शिकलात तर आणखी एक फायदा. 'क' ज्या कळीवर, त्याच कळीवर कन्नड, गुजराती आणि तेलुगूचाही 'क' असतो. बेळगाव, वडोदरा किंवा हैदराबादला दोन लिप्यांत काम करणाऱ्यांना एकदा बसलेला हात दोन्हीकडे चालतो.

आणि जुन्या फाईलींचं काम लांबवू नका. तो जुना कॉम्प्युटर अजून सुरू होतोय, ते सॉफ्टवेअर त्यावर आहे आणि ते टायपिंग केलेला माणूस गावात आहे, तोवरच हे सोपं आहे. संस्थेच्या कपाटातल्या सीडी आणि पेन ड्राईव्ह या आठवड्यात बाहेर काढा, कुठल्या फाईलला कुठला फॉन्ट आहे याची यादी करा आणि सगळ्यात महत्त्वाच्या दहा फाईली आधी युनिकोडमध्ये आणा.