राष्ट्राध्यक्षांची गादी, वाळवंटातील सुरुंग आणि नवशिक्याचा पहिला मेटल डिटेक्टर

२६ जुलै १८८१ रोजी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल व्हाइट हाऊसमध्ये आले, तेव्हा त्यांच्याजवळ टेलिफोनचे श्रवणयंत्र होते. पण ते संभाषणासाठी नव्हते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर २ जुलै रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकात गोळ्या झाडण्यात आल्या होत्या. त्यांपैकी एक गोळी शरीरातच राहिली होती आणि ती नेमकी कोठे आहे याविषयी वैद्यांचा केवळ तर्क चालला होता. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून चौदा वर्षे होती. शिशाचा एक लहानसा तुकडा, त्यावर मांसाचा थर आणि तो बाहेरून शोधण्याचे आव्हान, असे त्या प्रश्नाचे स्वरूप होते. आज एखादा विद्यार्थी ऑनलाइन दुकानात स्वस्त मेटल डिटेक्टर पाहत असतो, तेव्हा तो जे यंत्र निवडू पाहतो त्याचा पूर्वज त्या दिवशी एका आजारी माणसाच्या पाठीवरून फिरत होता.

बेल यांनी मूळ कल्पना शून्यातून निर्माण केली नव्हती. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या संवाहकात विद्युतप्रवाह निर्माण होतो, हे मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवले होते. धातूच्या तुकड्यात असे जे भोवऱ्यासारखे आवर्त प्रवाह फिरतात, ते स्वतःचे एक क्षीण चुंबकीय क्षेत्र उभे करतात. धातुशोधनाचे सारे शास्त्र हे क्षीण क्षेत्र ऐकण्याचे शास्त्र आहे. अडचण अशी की, ज्या वेटोळ्याने मूळ क्षेत्र निर्माण करायचे त्याचा ‘आवाज’ या प्रतिसादाच्या कितीतरी पट मोठा असतो. ढोल वाजत असताना शेजारच्या टाचणीचा आवाज ऐकण्यासारखे ते आहे.

या अडचणीवर लंडनमध्ये डेव्हिड एडवर्ड ह्यूज यांनी १८७९ मध्ये देखणा उपाय काढला. वेटोळ्यांच्या दोन जोड्या त्यांनी अशा जोडल्या की एकीत निर्माण होणारा प्रवाह दुसरीतील प्रवाहाला तंतोतंत रद्द करील. घड्याळाची टिकटिक मायक्रोफोनमधून विद्युतप्रवाहात उतरवायची आणि टेलिफोन कानाला लावायचा. दोन्ही बाजू समतोल असतील तर शांतता असे; एका बाजूस धातू आला की टिकटिक ऐकू येई. दोन्ही बाजूंना एकसारखी नाणी ठेवली तर पुन्हा शांतता होई, पण त्यांतील एक नाणे झिजलेले वा खोटे असले तर कान लगेच सांगत असे. ह्यूज यांचा हा ‘प्रवर्तन तराजू’ मिश्रधातूंच्या परीक्षेसाठी ब्रिटिश टांकसाळीतील रसायनतज्ज्ञांनीही वापरला. म्हणजे नाणी ओळखणे हा या यंत्राचा पुढे जडलेला छंद नव्हे, तो त्याच्या जन्मापासूनचा गुण आहे.

बेल यांनी हाच समतोल वेगळ्या मांडणीत आणला. यादवी युद्धातील गोळ्या शरीरात बाळगून असलेल्या माजी सैनिकांवर त्यांनी उपकरण तपासून पाहिले आणि ते चालले. राष्ट्राध्यक्षांच्या बाबतीत मात्र पहिल्या दिवशी जोडणीतील चुकीमुळे खरखर ऐकू आली. १ ऑगस्टच्या दुसऱ्या प्रयत्नात मोठ्या क्षेत्रावर अस्पष्ट ध्वनी येत राहिला. गोळी मात्र निश्चित झाली नाही. नंतर कळले की गादीखाली पोलादी तारांची जाळी होती. लोकप्रिय कथनात सगळा दोष या तारांवर टाकून विषय संपवला जातो, पण ते पुरेसे नाही. उपचार करणाऱ्या मुख्य डॉक्टरांचा ग्रह होता की गोळी उजव्या बाजूला आहे, आणि शोध तिकडेच केंद्रित राहिला. १९ सप्टेंबर रोजी गारफील्ड यांचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात गोळी पाठीच्या कण्याच्या डावीकडे खोलवर सापडली. त्यांना गोळीपेक्षा निर्जंतुक न केलेल्या बोटांनी आणि सळयांनी वारंवार केलेल्या तपासणीतून झालेला संसर्ग अधिक भोवला, असे वैद्यकीय इतिहासकारांचे सर्वसाधारण मत आहे. यंत्र संवेदनशील होते. पण ते चुकीच्या जागी, अपेक्षेपेक्षा अधिक खोलीसाठी आणि लोखंडाच्या सान्निध्यात वापरले गेले. नवशिक्याच्या हातात आज जी निराशा येते, तिचीही कारणे बहुधा हीच तीन असतात.

यांपैकी खोलीचा मुद्दा जरा थांबून पाहण्यासारखा आहे, कारण जाहिराती सर्वाधिक आकर्षक बोलतात त्या याच बाबतीत. वेटोळ्यापासून पुरेसे दूर गेल्यावर त्याचे चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते. जमिनीतील नाण्यात निर्माण झालेले क्षेत्र परत वर येताना पुन्हा त्याच घनाने घटते. दोन्ही मिळून प्रतिसाद अंतराच्या सहाव्या घाताने क्षीण होतो. अंतर दुप्पट झाले तर प्रतिसाद चौसष्टाव्या हिश्शावर येतो. म्हणून दुप्पट किमतीच्या यंत्राने दुप्पट खोली गाठता येत नाही. निसर्गाचा हा हिशेब कोणत्याही कंपनीला चुकवता आलेला नाही. साधे नाणे सामान्य यंत्राने ढोबळमानाने वेटोळ्याच्या व्यासाइतक्या खोलीवर सापडते. कित्येक मीटर खाली पुरलेले सोने दाखवण्याचे वचन देणारे स्वस्त हातयंत्र दिसले, तर खरेदीदाराने घात सहा आठवावा आणि पुढे जावे.

बेल यांच्यानंतरचा अर्धशतकाचा काळ चटकन ओलांडता येतो. निर्वात नळ्या आल्या, रेडिओ आला. गेरहार्ड फिशर हे जर्मनीतून अमेरिकेत गेलेले अभियंते विमानांसाठी रेडिओ दिशाशोधक तयार करीत होते. धातूच्या बांधकामांजवळ आणि खनिजयुक्त भूभागावर त्यांच्या यंत्राचे वाचन चुकत असे. ज्या चुकीने दुसरा वैतागला असता, ती त्यांनी उपयोगात आणली. १९३१ मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियात स्वतःची प्रयोगशाळा काढली आणि १९३७ मध्ये त्यांना धातुशोधकाचे पेटंट मिळाले.

त्यानंतर युद्ध आले. स्कॉटलंडमध्ये आश्रयाला असलेल्या पोलिश सैन्यातील अधिकारी योझेफ कोसात्स्की यांनी १९४१ मध्ये सैनिकाला हातात धरून चालता येईल असा सुरुंगशोधक तयार केला. एका वेटोळ्यात ध्वनीच्या वारंवारतेचा प्रवाह, दुसरे वेटोळे प्रवर्धकाला आणि कानाच्या यंत्राला जोडलेले: मांडणी ह्यूज यांच्या तराजूचीच होती. त्याचे वजन १४ किलोग्रॅमच्या आत होते. ऑक्टोबर १९४२ मध्ये अल अलामीनच्या दुसऱ्या लढाईत अशी सुमारे ५०० यंत्रे वापरली गेली आणि सुरुंग हटवण्याचा वेग जवळजवळ दुप्पट झाला, असे नोंदले जाते. त्या आघाडीवर चौथी भारतीय डिव्हिजनही होती. कोसात्स्की यांनी या शोधाचे पैसे घेतले नाहीत. जर्मनव्याप्त पोलंडमध्ये त्यांचे कुटुंब होते, त्यामुळे त्यांचे नावही दीर्घकाळ गुप्त राहिले. जर्मनांनीही उत्तर शोधले: लाकडी पेटीतला सुरुंग, काचेचा सुरुंग. धातू कमीत कमी ठेवला की शोधक मुका होतो, ही या तंत्राची मर्यादा आजही सुरुंगनाशकांना छळते.

युद्धानंतर शिल्लक राहिलेली लष्करी यंत्रे नागरी हातांत गेली आणि ट्रान्झिस्टरने ती हलकी केली. येथून पुढे आजच्या बाजारातील तीन घराणी स्पष्ट होतात. पहिल्या घराण्यात दोन आंदोलक असतात आणि त्यांच्या वारंवारतांतील फरकाचे विस्पंद ऐकू येतात. ते बांधायला अतिशय स्वस्त असते आणि शालेय विज्ञान प्रदर्शनात दिसणारे प्रकल्प बहुधा याच प्रकारचे असतात. दुसरे घराणे अतिनिम्न वारंवारतेचे, म्हणजे ३ ते ३० किलोहर्ट्झच्या पट्ट्यातले. त्यात पाठवलेल्या आणि परत आलेल्या लहरीतील कलेचा फरक मोजला जातो. चांदीचे जाड नाणे, अॅल्युमिनियमचा पातळ कागद आणि लोखंडी खिळा यांच्यासाठी तो फरक वेगळा असतो, म्हणून यंत्र काही प्रमाणात वस्तू ‘ओळखते’. तिसरे घराणे स्पंदांचे: वेटोळ्यात क्षणभर प्रवाह सोडायचा, तोडायचा आणि उरलेला प्रतिध्वनी कसा विरतो ते पाहायचे. ते खाऱ्या पाण्यात आणि खनिजयुक्त मातीत टिकाव धरते, पण खिळा आणि अंगठी यांत फारसा भेद करीत नाही.

पहिल्या खरेदीसाठी दुसऱ्या घराण्यातील साधे यंत्र योग्य ठरते, आणि खेळण्यासारख्या अतिस्वस्त यंत्राऐवजी थोडे थांबून तेच घेणे शहाणपणाचे. भारतात मात्र त्याला एक अट जोडावी लागते, जी परदेशी शिफारशींत क्वचितच ठळकपणे आढळते: भू-संतुलन स्वतः जुळवता आले पाहिजे. दख्खनची काळी माती बेसॉल्टपासून झाली आहे आणि तिच्यात मॅग्नेटाइटचे कण असतात. कोकणातील जांभा लोहाने भरलेला असतो. अशा जमिनीवर संतुलनाची सोय नसलेले यंत्र बेल यांच्या गादीवरील उपकरणासारखे सगळीकडेच गुणगुणत राहते. गंगेच्या गाळाच्या मैदानात उत्तम चाललेले यंत्र सातारा वा रत्नागिरीत निरुपयोगी वाटले, तर दोष नेहमी यंत्राचाच असतो असे नाही. पडद्यावरील रंगीत आकड्यांपेक्षा हलके वजन, पाण्याला दाद न देणारे वेटोळे आणि कर्णध्वनीची सोय यांवर पैसे खर्च झालेले बरे. आणि घराच्या अंगणात ज्ञात खोलीवर नाणी, खिळे, बाटलीची झाकणे पुरून सराव करावा. बेल यांनी माजी सैनिकांवर केले ते हेच.

तरीही या यंत्राचा सर्वांत कठीण प्रश्न भौतिकीचा नाही. १६ नोव्हेंबर १९९२ रोजी इंग्लंडमधील हॉक्सन गावी एरिक लॉझ हे गृहस्थ शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधत होते. निवृत्तीच्या वेळी भेट मिळालेला धातुशोधक त्यांच्या हाती होता. हातोड्याऐवजी चांदीचे चमचे आणि सोन्याची नाणी वर येऊ लागली. त्यांनी काही वस्तू काढल्यावर खणणे थांबवले आणि कळवले. त्यामुळे पुरातत्त्वज्ञांना उरलेला ठेवा, तो ज्या लाकडी पेटीत ठेवला होता तिच्या खुणांसह, उचलता आला. सुमारे १५,००० रोमन नाण्यांचा तो ठेवा आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. हातोडाही नंतर सापडला आणि तोही तेथेच आहे.

भारतात असा प्रसंग आला तर कोणता कायदा लागू होतो? ह्यूज यांच्या तराजूच्या एकच वर्ष आधीचा, १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम. मूळ कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडल्यास त्याची लेखी सूचना जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. ती न देणे हा तुरुंगवासास पात्र गुन्हा आहे. काही राज्यांचे स्वतंत्र कायदेही आहेत. १९५८ च्या कायद्याने संरक्षित स्थळी विनापरवाना उत्खननास मनाई आहे आणि १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या व्यापारावर व निर्यातीवर निर्बंध आहेत. गड-किल्ल्यांच्या पायथ्याशी धातुशोधक घेऊन फिरणे हा त्यामुळे निरागस छंद राहत नाही. समुद्रकिनाऱ्यावर हरवलेली अंगठी, स्वतःच्या शेतातील मोडलेला फाळ, घराच्या भिंतीतील जलवाहिनी यांसाठी मात्र यंत्र निःशंक वापरता येते.

कायद्यामागचे कारण दोन शोधांतून दिसते. १९४६ मध्ये राजस्थानातील बयाना येथे रिकामी काडतुसे गोळा करणाऱ्या गावातील मुलांना तांब्याचे भांडे सापडले. त्यातील गुप्तकालीन १,८२१ सुवर्णनाणी अभ्यासकांपर्यंत पोहोचली आणि अनंत सदाशिव अळतेकर यांनी त्यांची सूची १९५४ मध्ये प्रसिद्ध केली. काही नाणी मात्र त्याआधीच वितळवली गेली होती.

दुसरा शोध प्रवरेकाठच्या दायमाबादचा. १९७४ मध्ये झाडाचे मूळ खणताना तेथील ग्रामस्थाला चार भरीव कांस्यशिल्पे सापडली: बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस; एकूण वजन ६० किलोग्रॅमहून अधिक. त्यानंतर तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन झाले, पण शिल्पे ज्या थरातून निघाली तो थर तोवर विस्कटला होता. म. के. ढवळीकर यांनी ती उत्तर हडप्पा काळातील मानली. धातूतील आर्सेनिकच्या प्रमाणावरून इतर अभ्यासकांनी तिच्या प्राचीनतेवर शंका घेतली. तेथे कोणी धातुशोधक वापरला नव्हता आणि कोणाचा वाईट हेतूही नव्हता. कुदळीचे काही घाव पडले एवढेच, आणि त्या रथाचे वय आज पन्नास वर्षांनंतरही वादात आहे.